फुसका बार

“आत्याबाई, थांबा! दिवा घेऊन आत जाऊ नका!”

मी एवढ्या जोरात ओरडले की अंगणातल्या कोंबड्या फडफडत कुडापलीकडे गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याबाईच म्हणतात. हातात पूजेचं तबक, तबकात पेटलेलं निरांजन आणि एक पाय बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर, अशा त्या जागच्या जागी थांबल्या. आत टेबलावर बंदुकीच्या दारूचा डबा उघडाच पडलेला मला दारातून दिसत होता.

“का गं? पूजेला दिवा न्हाई तर काय बॅटरी लावू?”

“आत दारू आहे.”

“म्हाईत हाय मला. माझ्याच लेकानं ठेवल्या.”

“एक ठिणगी पडली तर घर राहायचं नाही, आत्याबाई. द्या तो इकडं.”

सासूच्या हातातलं काही ओढून घ्यायची माझी काय बिशाद! पण त्या क्षणी मी तबकातलं निरांजन उचललं, ज्योतीभोवती हात धरला आणि थेट तुळशीपाशी जाऊन खोलीकडे पाठ करून उभी राहिले. मागं बांगड्या किणकिणल्या, आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या, आणि थोड्या वेळानं बाहेर आल्या.

“झाली पूजा. घे, लाव तुझा दिवा तुळशीला. एवढ्याला भ्यालीस, तर संध्याकाळी बार निघाले की काय कोठीत दडून बसशील?”

लग्नानंतरचा माझा तो पहिला दसरा. आणि मी भित्री होते हे खरंच आहे, त्यात लपवायचं काय! मिरजेला माहेरी दिवाळीत फुलबाजी पेटवायची तरी मी चिमट्यात धरायची. अशा मुलीला देवानं नवरा दिला तो काडतुसं भरायचा नाद असलेला.

आमचे हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, यांना हा. घरात परवान्याची एकनळी बंदूक होती. उडवलेली पितळी काडतुसं हे जपून ठेवायचे, चिंचेनं घासून लख्ख करायचे आणि घरच्या घरी परत भरायचे. बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, वर दारू, दारूवर चकत्या, मग छर्रे आणि शेवटी पुन्हा एक चकती. शिकारीला वर्षातून एकदा गेले तर गेले. सगळी मजा त्या भरण्यातच होती. चकत्या बुरणुसाच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, लागत, आणि तो बुरणूस माझ्या रुखवतात आलेला होता, हे मला तो अर्धा संपल्यावर कळलं.

भरायला बसले की बोलायचं नाही आणि उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असा यांचा नियम. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवायचा. लग्नाला आठवडा झाला नसेल, तोवर मला ‘भागूबाई’ हे नाव पडलं होतं. खरं नाव यांच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. अर्थात मीही यांचं घेत नव्हते. लग्नात उखाण्याच्या वेळी बायकांनी धरलं तेव्हा मी शेवटचा शब्द असा गिळला की सगळ्या ओरडल्या, “ऐकू आलं न्हाई!” तेवढंच काय ते.

श्रावणात एकदा यांनी मला दारापाशी बोलावून ती लाकडी फळी दाखवली. तिला गोल खळगे होते आणि एकेका खळग्यात एकेक काडतूस.

“बघ, पालथी आहेत ती उपाशी. दारू घातली की मी उताणी ठेवतो. उताणं म्हणजे जेवलेलं. मधेच कुणी हाक मारली तरी घोटाळा व्हायला नको.”

“आणि एखादं चुकून उपाशी राहिलं तर काय होईल? फुसका बार!” मी हसले.

हे हसले नाहीत.

“फुसका बार म्हणजे काय, ठाऊक आहे? टोपी एकटीच उडते. तिच्यात जोर तो केवढा? चकत्या आणि छर्रे नळीत अर्ध्या वाटेवर जाऊन अडकतात. नुसतं फट् होतं. लोक हसतात. उडवणारा ओशाळतो आणि घाईघाईनं दुसरं घालतो. ते असतं भरलेलं. पुढची वाट बंद. मग नळी फुटते. इथं, तोंडाजवळ.” त्यांनी गालाशी हात नेला.

“कुणाचं झालंय असं?”

“आमच्या दत्तोबा मिस्त्रीचं. त्याचा डावा हात मनगटापर्यंतच आहे.”

“मग सोडा ना हे!”

“मी नीट बघून करतो, भागूबाई.”

त्यानंतर कितीतरी दिवस, हे जेवायला बसले की मी वाढता वाढता त्यांच्या डाव्या हाताकडे बघत असे. मनगटाच्या पुढं पाचही बोटं आहेत ना, एवढंच. वेड लागल्यासारखं झालं होतं मला.

तर दसऱ्याची ती सकाळ. माळावर सोनं लुटायच्या आधी तळ्याकाठी बंदुकीची सलामी द्यायचा मान आमच्या घराचा होता. आजवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, देत आले होते. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि मान पहिल्यांदा यांच्याकडे आला. सलामी पोकळ नको, बार छर्रे घालून भरलेलाच हवा, असा मामंजींचा हट्ट. नळी तळ्यावर धरायची, छर्रे पाण्यात पडायचे. म्हणून हे सकाळपासून भरायला बसले होते. फळीवरची शेवटची ओळ राहिली आणि मामंजींची हाक आली.

“थोरल्या, तोरण बांधायचं हाय, शिडी धर आधी!”

मामंजींच्या हाकेला ‘आलो’ म्हणून चालत नसे, यावंच लागे. हे तसेच उठून गेले. डब्याला झाकण लावायचं राहिलं ते त्या गडबडीत. आत्याबाई तेवढ्यात विळी, पाटा, जातं, नांगराचा फाळ असं सगळं पुजत पुजत यांच्या टेबलापर्यंत पोचल्या. ज्याच्यावर घरातल्या माणसाचा हात चालतो त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता.

तोरण बांधून हे परत आले. फळीला, डब्याला, मापाला हळदकुंकवाची बोटं बघून खूश झाले.

“वा! आमच्या टेबलाचाही दसरा झाला की.”

मी दिव्याची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. आधी डब्याला झाकण लावलं.

“शाबास, भागूबाई. आज घर वाचवलंस.”

मग चकत्यांचा डबा पुढं ओढून ते भराभर हात चालवायला लागले. मी स्वयंपाकघरात आले, पुरण वाटायला घेतलं. मनात म्हटलं, चला, सणाच्या दिवशी जे काही विपरीत घडायचं होतं ते टळलं. इतकं हलकं वाटत होतं की वाटता वाटता मी चक्क गुणगुणले.

दुपार कलल्यावर पुरुषमंडळी निघाली. हलगी वाजायला लागली. यांनी फेटा बांधला होता, कमरेला काडतुसांचा पट्टा, खांद्यावर बंदूक. दारात क्षणभर रेंगाळले.

“लोकांनी आबांच्या हातचे बार बघितलेत,” हे मामंजींकडे बघत हळूच म्हणाले. “माझे बघून हसू नयेत म्हणजे झालं.”

“कशाला हसतील?” मी म्हणाले.

गाव रिकामं झालं. माळावर बायकांनी जायची रीत नव्हती. बायकांनी घरी थांबायचं, सोनं घेऊन आलेल्यांना दारात ओवाळायचं. मी ओवाळणीची तयारी करत होते. फुलपात्र धुतलं आणि पाणी निथळावं म्हणून तबकात पालथं घातलं.

आत्याबाईंनी ते पटकन उचलून सरळ केलं.

“सणाच्या दिवशी पालथं घालू ने गं! आईनं शिकवलं न्हाई व्हय? तुझा नवरा पण तसलाच. सकाळी त्याची ती नळकांडी, शेवटची ओळ सगळी पालथी घातलेली. पालथ्याची कुठं पूजा करत्यात? मीच सरळ केली, मग हळदकुंकू लावलं.”

माझ्या हातातली निरांजनाची वात खाली पडली.

“सरळ केलीत? सगळी?”

“सगळी. का?”

तुळशीपाशी दिवा धरून, पाठ फिरवून मी उभी होते तेव्हाच. यांनी परत येऊन बघितलं ते सगळी फळी उताणी. सगळी जेवलेली.

“आत्याबाई, त्यांत दारू नव्हती.”

“मग?”

“ती तशीच बंद केली असतील यांनी. पट्ट्यात गेली असतील.”

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग हसू आवरेना त्यांना. “अगं बाई! म्हंजे फुसका बार व्हणार. आता गाव वरीसभर चिडवतंय बघ त्याला. व्हऊ दे, त्यात काय मरायचं हाय?”

मला रडूच फुटलं. मी सांगायला लागले ते टोपी, चकती, नळी, दत्तोबा मिस्त्री असं काहीच्या बाही. त्यांना एक अक्षर कळेना. फुसका बार म्हणजे हसायची गोष्ट, हे त्यांनी जन्मभर ऐकलेलं. मी तरी त्याआधी काय वेगळं समजत होते?

लांब तळ्याकडून धडाड् आवाज आला. पहिला बार निघाला होता.

माझं लक्ष चुलीपाशी गेलं. मी फुंकणी उचलून त्यांच्यापुढं धरली.

“यात चिंधीचा बोळा घट्ट बसलाय, आणि या तोंडातून बंदुकीचा बार काढला, तर काय होईल?”

“फुटंल की फुंकणी.”

“आणि जो तोंडाशी धरून उभा आहे त्याचं?”

आत्याबाई फुंकणीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. पदर कमरेला खोचला आणि पायात काही न घालता त्या बाहेर पडल्या.

“चल!”

आम्ही पळत सुटलो. सासू पुढं, सून मागं. वाटेवर चिटपाखरू नाही, सांगावा तरी कुणाजवळ धाडणार? ज्वारीच्या वावरातून जवळची वाट होती. पाती तोंडाला कापत होती. डोक्यावरचा पदर कधी गेला कळलं नाही.

धडाड्!

आयुष्यभर ज्या आवाजाला मी कानात बोटं घातली, तो आवाज ऐकून मला हायसं वाटलं. आवाज झाला म्हणजे काडतूस भरलेलं होतं. आवाज झाला म्हणजे हे आहेत. पळता पळता मी त्या आवाजाची भीक मागत होते. देवा, अजून एक होऊ दे. अजून एक.

धडाड्!

“किती राहिलं असतील गं?” आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या. मला काय ठाऊक? शेवटची ओळ पट्ट्यात कुठं घातली असेल, पुढं की मागं, कोण सांगणार! पुढच्या बाराची मी वाट बघायला लागले. हलगी वाजत होती. बार काही होईना. आम्ही बांध चढून माळावर आलो आणि तेवढ्यात समोरून हशा उठला. माळभर माणसं खदाखदा हसत होती.

कुणीतरी ओरडलं, “फुसका बार!”

गर्दीच्या पलीकडे, तळ्याच्या काठाला हे आमच्याकडे पाठ करून उभे होते. बंदूक बिजागरीवर मोडून रिकामं काडतूस काढत होते. शेजारी मामंजी काठी टेकून उभे. ते मोठ्यानं म्हणाले, “काय रे ह्ये? घराची लाज काढलीस!” यांचा हात पट्ट्याकडे गेला. दुसरं काडतूस नळीत गेलं.

“अहो!” मी ओरडले. “अहो, थांबा!”

हलगीत आणि हशात ते कुठल्या कुठं गेलं. पुढची दोन-तीन माणसं तेवढी वळली. अहो म्हणजे कुणाचाही अहो. ज्याला ऐकायला हवं होतं त्यानं बंदूक मिटवली, दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला.

आत्याबाई बांधाशीच बसकण मारून होत्या, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी छाती फुटेल इतका श्वास घेतला.

“जयसिंग!”

एखाद्या आईनं पोराला हाक मारावी तशी. एकेरी, उघड्या डोक्यानं, अख्ख्या गावासमोर.

“जयसिंगऽऽ!”

हलगी थांबली. हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. सहा महिन्यांची नवी सून माळावर उभी राहून नवऱ्याचं नाव घेते, हे त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं. यांनी गाल उचलला आणि मागं वळून बघितलं. असे बघत होते, जणू मला ओळखतच नाहीत.

“बंदूक मोडा!” मी म्हणाले. नाव एकेरी घेतलं आणि हुकूम मात्र मानानं सोडला. “नळीत बघा आधी!”

यांनी बंदूक मोडली, नवं काडतूस बाहेर काढलं, आणि नळी मावळत्या सूर्याकडे धरून डोळा लावला. मोकळ्या नळीतून पलीकडचा उजेड गोल नाण्यासारखा दिसतो, हे मला त्यांनीच दाखवलं होतं. हे बराच वेळ बघत राहिले. मग हळूहळू गुडघे मुडपत खाली मातीत बसले.

“काय झालं? काय दिसतंय नळीत?” मामंजी विचारत होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

“काही नाही, आबा,” हे म्हणाले. “उजेडच दिसत नाही.”

कुणी हसलं नाही. आत्याबाई रांगत म्हणाव्यात तशा आल्या, लेकाच्या पुढ्यात बसल्या, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट चाचपत राहिल्या. “म्या सरळ केली रं, म्या,” एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मामंजींनी आपट्याची पानं आणवली आणि सगळ्यांच्या आधी माझ्या हातात दिली. मला मात्र त्यातलं काही धड आठवत नाही. मी फक्त यांच्या डाव्या हाताकडे बघत होते.

घरी आल्यावर दारात ओवाळायचं होतं. तबक माझ्या हातात तिरकं झालं आणि निरांजन घसरायला लागलं. यांनी हात पुढं करून तबक धरलं.

“मला कळलं होतं,” हे अगदी हळू म्हणाले.

“काय?”

“फट् झालं ना, तेव्हाच. उपाशी गेलं म्हणून. नळीत बघायला पाहिजे हे माहीत होतं. तरी हात पट्ट्याकडे गेला.”

दत्तोबा मिस्त्रीचा हात मला सांगणारा हाच माणूस.

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. लोकांची.”

मला इतका राग आला की तबक तिथंच आपटावंसं वाटलं. “यापुढं मला भागूबाई म्हणायचं नाही,” मी म्हणाले.

“म्हणणार,” हे म्हणाले. “घरात एक तरी हवीच.”

नाद काही त्यांनी सोडला नाही. पण पुढच्या खेपेपासून चकती घालायच्या आधी मला उंबऱ्याच्या आत हाक यायची. प्रत्येक काडतुसात डोकावून मी ‘जेवलंय’ म्हटल्याशिवाय पुढचं काही होत नसे. दर दसऱ्याला मी आणि आत्याबाई दारात उभ्या राहून बार ऐकायचो. एक झाला की दुसऱ्याची वाट. मधे जरा उशीर झाला की आत्याबाई माझं मनगट घट्ट धरायच्या आणि पुढचा आवाज ऐकल्यावरच सोडायच्या.

आता आत्याबाई नाहीत, हेही नाहीत. म्हातारपणी अंथरुणात, झोपेत गेले, दोन्ही हातांनिशी. बंदूक कधीच जमा केली. दसऱ्याच्या संध्याकाळी तळ्याकडून कसला आवाज येत नाही. पोरं म्हणतात, आजी, आत चल, दारात थंडी आहे. मी आणखी थोडा वेळ थांबते. पुढचा बार व्हायचा असतो.